डब्याच्या बुडाचा गाळ

गंजाला वास असतो म्हटलं की लोक हसतात. लोखंडाला कसला आलाय वास, म्हणतात. त्यांनी आमच्या धाकट्या दिराच्या जीपमधलं मागचं रबरी मॅटिंग उचलून पाहायला हवं होतं. मी उचललं होतं. खाली ओला कापूस कुजून काळा पडलेला, खताचे खडे विरघळून झालेला चिकट राप, तंबाखूच्या पिचकाऱ्या, कुणाच्या डब्यातली सांडलेली डाळ, आणि या सगळ्यावर फवारणीच्या औषधाचा तो गोडसर वास. एकदा नाकात बसला की जेवणाच्या ताटापर्यंत मागे येतो. मी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो पापडात जावा तसा पत्र्यातून आरपार गेला.

मग ध्यानात आलं की हीच ती जागा. मागच्या दाराजवळचा कोपरा. माझी आई रोज पहाटे इथंच पाय टेकवून बसते.

आई आमच्याच गल्लीत राहायची आणि वेचणीला जायची. आमच्या साखरखेर्ड्यातून आजूबाजूच्या गावांत कापूस वेचायला बायांच्या टोळ्या जातात, आणि आमच्या दिराची जीप त्यांना कोंबून नेते. सुगी संपली की तीच जीप खताची पोती वाहते, पावसाळ्यात फवारणीचे पंप आणि औषधाचे डबे वाहते. पंप गळतात, पोती फुटतात, खालचं सगळं मॅटिंगखाली मुरतं. खत म्हणजे मीठच की. मीठ लोखंडाला खाणार नाही तर काय करणार? पण दीर वरून पाणी मारायचा, बोनेटला फडका मारायचा, समोरच्या काचेला हार घालायचा आणि म्हणायचा, गाडी चकाचक आहे.

आमचं वेल्डिंगचं दुकान गावाबाहेर, मेहकरच्या रस्त्याला. लोखंडी खांबांवर टिनाचं छप्पर, एवढंच. नवरा आधी कापूसच करायचा. बीटी आलं तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, आता बोंडअळी संपली, पंप खुंटीला टांगा. पहिली काही वर्षं खरंच टांगला. मग हळूहळू रस शोषणाऱ्या किडी आल्या, मग ती गुलाबी अळी आली, बोंड फोडावं तर आत ही मजेत बसलेली, आणि पंप खुंटीवरून खाली आला तो परत वर गेलाच नाही. औषधाच्या वासानं नवऱ्याचं डोकं धरायचं, त्याला ओकाऱ्या व्हायच्या. शेवटी शेत निम्म्या वाट्यावर बटईनं दिलं आणि दुकान टाकलं. तो जोडायचा, मी रंगवायची. रंगात माझा हात बरा होता. नवऱ्याचा हात वेल्डिंगमध्ये बरा होता, हे मी आजही म्हणते. त्याची खोड दुसरीच होती. ती पुढे सांगते.

जीपचा मागचा तळ बदलायचा असं मी घरात भांडून ठरवलं. सडलेला पत्रा कापायचा, नवा घालायचा. त्यात काही नवल नाही. नवल आहे ते जोडात. नवा पत्रा जुन्याच्या कडेवर चढवून जोडला की दोघांच्या मधे एक फट राहते. तिथं नंतर ना ब्रश जातो ना रंग. जोडायच्या आधी त्या दोन तोंडांना काय लावलं, तेच जन्मभर राहतं. आमच्याकडे सगळे जण लाल प्रायमर लावतात. वेल्डिंगच्या आचेनं तो जळतो, फुगतो, जोडात भोकं पाडतो. म्हणून कारागीर नेमका जोडाच्या जागेवरचा लाल घासून काढतात. म्हणजे जिथं पाहिजे तिथंच काही नाही. मग वरून पुट्टी थापायची, घासायची, वरून चमकता रंग. वरून कीर्तन आतून तमाशा. गिऱ्हाईक खूश, कारागीर खूश, आणि आत गंज आपला निवांत जेवत बसलेला. मी स्वतः असल्या कितीतरी गाड्यांना रंग दिला होता. आमचा धंदा म्हणजे मुडद्याला पावडर लावणं, असं मी एकदा नवऱ्याला तोंडावर म्हटलं, तेव्हा तो दोन दिवस बोलला नव्हता.

त्या सुमारास रंगाच्या एका कंपनीचा माणूस दुकानात आला. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात बॅग. त्यानं एक प्रायमर दाखवला, जस्ताचा, राखाडी. हा लावून वरूनच वेल्डिंग करता येतं, म्हणाला. जळत नाही, करंट अडवत नाही, आणि जोडाच्या फटीत जस्त राहतं ते लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. पातळ हात द्या, दोन्ही तोंडांना द्या, आणि डबा बुडापासून हलवा, कारण जस्त जड असतं, खाली बसतं. त्यानं दोन-दोन पट्ट्या जोडून आणल्या होत्या, एक जोडी आपल्या नेहमीच्या पद्धतीची आणि एक जस्ताची. काचेच्या बरणीत मिठाचं पाणी करून दोन्ही त्यात सोडल्या आणि बरणी ठेवून गेला.

नवरा आणि दीर हसले. अशा बरण्या त्यांनी लय पाहिल्या होत्या. बियाण्याच्या कंपन्या रस्त्याच्या कडेला असेच दाखवण्याचे प्लॉट लावायच्या, टोप्या वाटायच्या, वडे खाऊ घालायच्या. प्लॉटात बोंडं लटकलेली, आपल्या वावरात कळ्या-पात्या गळून पडलेल्या.

"तोंडाले पानं पुसाले येतेत हे लोक," दीर म्हणाला.

मला त्याचा राग येत नाही, तो फसलेलाच होता. पण मी बरणी देवाच्या फळीवर ठेवली आणि रोज दिवा लावताना पाहत गेले. दिवाळी येईस्तोवर नेहमीच्या जोडीच्या फटीतून तपकिरी पाणी ओघळायला लागलं होतं. जस्ताच्या जोडीवर पांढरट बुरशीसारखं काहीतरी आलं, बाकी ती जशीच्या तशी. मला कुणाच्या टोपीची गरज नव्हती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मेहकरला जाऊन डबा मीच आणला. तो दुकानदारही एक नमुना. त्याच्या भावाचं कृषी केंद्र शेजारीच होतं, आणि पाहिजे त्या बीटीच्या पाकिटासोबत नको ते खत गळ्यात मारायचं, ही त्यांची लिंकिंगची रीत यानं रंगाच्या दुकानात आणली होती. त्यानं आधी लाल दाखवला. मग चांदीचा रंग दाखवला, म्हणे बाई, चमक पाहा. मी म्हटलं, मला पायाखाली घालायचाय, गळ्यात नाही. तेव्हा कुठे त्यानं दोन राखाडी डबे काढले. दोन्हींवर जस्त लिहिलेलं, दोन्ही एकाच मापाचे. मी एकेका हातात एकेक घेतला, बाजारात कांदे घेताना घेतो तसं. एक नुसताच डबा होता. दुसऱ्यानं मनगट खाली ओढलं. झाकण उघडायला लावलं. हलक्यात वरपासून खालपर्यंत सारखा राखाडी रंग, गुळगुळीत. जडात वर पातळ पाणी आणि खाली काडी अडकेल असा घट्ट थर.

"तो जुना माल हाय," दुकानदार म्हणाला. "गाळ बसला त्याच्यात. हा घ्या, ताजा हाय."

"मले गाळवालाच द्या."

त्यानं माझ्याकडे येड्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं. मग म्हणाला की त्याच्यासोबत गुलाबी डिस्टेंपर घ्यावा लागेल, नाहीतर तो डबा नाही. तो डिस्टेंपर कुणीही घेत नव्हतं, धुळीचा थर होता डब्यावर. मी पाच मिनिटं भांडले, दुकानातल्या लोकांनी गंमत पाहिली, आणि शेवटी घेतला. आमच्या मोरीच्या भिंती अजून त्या घाणेरड्या गुलाबी रंगाच्या आहेत. हिरडीसारख्या दिसतात. पण जड डबा मी मिळवला आणि एसटीत मांडीवर घेऊन घरी आणला.

काम सुरू व्हायच्या आधी माझ्या मावशीच्या नातीचं बारसं शेगावला निघालं. आईला घेऊन मला जावं लागलं. निघताना मी नवऱ्याला डबा दाखवला.

"जोडाच्या दोनी तोंडायले लावजा. अन् बुडापासून हलवजा, चांगला घोटून घेजा."

"हाव," तो म्हणाला.

"आयकलं ना?"

"आयकलं न वो. मी काय पह्यल्यांदा रंग पाह्यतो?"

मी परतले तेव्हा जीप दुकानासमोर उभी होती. तळ काळाभोर चमकत होता, तोंड दिसावं असा. नवरा फडक्यानं हात पुसत होता आणि खूश होता. आई तर जीपकडे पाहून कौतुकानं हसलीच.

"प्रायमर उरला असंल न?" मी विचारलं. "मले दाराच्या कडीले लावाचा आहे."

"कायचा उरते? अर्धा डबा तं गाळच निघाला. फसोलं तुले त्यानं." तो समजूत घालावी तसं बोलत होता. "वरचं पातळ पातळ तुह्या जुन्या लुगड्यातून गाळून घेतलं, तेवढं लावलं. खालचा चिखल फेकून देल्ला."

"कुठी फेकला?"

त्यानं छपराच्या पहिल्या खांबाकडे बोट केलं. पायरीला लागून जो खांब आहे त्याच्या बुडाशी राखाडी लगदा ओतलेला होता, ओघळ खालपर्यंत गेलेले. वरून कोंबडी चालून गेली होती, तिचे पाय उमटले होते.

ही त्याची खोड. तो सगळं गाळून घ्यायचा. पाणी, चहा, तेल, रॉकेल. कापसाच्या दिवसांत एकदा औषधाचा बोगस डबा निघाला होता. खाली माती बसलेली, ती पंपाच्या नोझलमध्ये अडकली, ऐन अळीच्या वेळी पंप बंद पडला आणि फवारा हुकला. तेव्हापासून ज्याच्या बुडाशी काही बसलं ते त्याच्या लेखी भेसळ. इथं सगळ्यांचंच तसं आहे. फवारणीचं पाणी लुगड्यातून गाळल्याशिवाय पंपात घालणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत मिळणार नाही. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणतात. आमच्या घरी तर ताक गाळून लोणी फेकून दिलं होतं.

मी सांगितलं. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

"तो गाळ नोहता. तेच जस्त होतं. तुमी जोडात नुसतं पानी लावलं. खोला तो पत्रा."

नवऱ्याचं तोंड पडलं. दीर बोलला. तो तिथंच बोनेटला टेकून उभा होता.

"वयनी, उद्यापासून वेचनी लागून राह्यली. पत्रा खोलू म्हनता, बाया काय माह्या डोक्यावर बसवू?"

"बसवा डोक्यावर, पन त्याच्यावर नोका बसवू."

"आमी काय दोन नंबरचं काम करून वरून पुट्टी मारली का? दादानं जोड चांगला भरला. पाहा न, हालते का?" त्यानं तळावर दोन लाथा मारल्या. तळ हलला नाही. नवा पत्रा होता, कशाला हलेल?

मी आईकडे पाहिलं. म्हटलं, हिच्या पायाखालचं आहे, ही तरी बोलेल. आईनं माझा दंड धरून मला बाजूला ओढलं.

"चूप बस. जवायाच्या कामाले नावं ठेवत नसतात बाई. चार लोकायसमोर त्यायचं तोंड पाडतं?"

मला इतकी शिसारी आली की काय सांगू. दिराची आली, दुकानदाराची आली, त्या गाळण्याच्या लुगड्याची आली, ते माझंच होतं. पण सगळ्यात जास्त आली ती या मोठेपणाची. जावई. जावयानं दिलेला घास कडू असला तरी गोड म्हणायचा. जावयानं खड्डा खणला तरी त्यात हळदीकुंकू वाहायचं. आमच्या बायांनी या एका शब्दापुढं आयुष्यभर माना खाली घातल्या, आणि वर त्याला संस्कार म्हटलं.

तिला मी घरी नेऊन समजावलं. म्हटलं, वेचणीला जाशील तर समोर बस, ड्रायव्हरच्या बाजूला.

"समोर? तुह्या दिराच्या बाजूले? लोक काय म्हनतीन?"

मग मी एक लाकडाची फळी तिच्या कोपऱ्यात टाकून दिली. ती काही दिवस राहिली. खताची पोती सरळ बसेनात म्हणून दिरानं काढून टाकली. मी परत टाकली, त्यानं परत काढली. तिसऱ्यांदा ती मला त्यांच्या चुलीजवळ दिसली, फोडलेली. मी पत्रा खोलायचा विषय काढला की नवरा जेवणावरून उठायचा. वर्षभर हे चाललं. मग मीही रोज रोज तेच बोलून थकले. तळ दिसायला तर चांगलाच होता.

दोन पावसाळे गेले. दुसऱ्या वर्षी वेचणीच्या सुरुवातीलाच, पांदणीच्या रस्त्यानं जीप हळू चाललेली असताना, एका आदळ्याबरोबर जोड उसवला. नवा पत्रा अखंडच राहिला, जोडाच्या रेषेवर तेवढा कागदासारखा फाटला आणि आईचा पाय खाली गेला. जीप थांबेपर्यंत तो जमिनीवर फरपटत गेला. घोटा मोडला, टाचेचं मांस निघालं. सोबतच्या बायांनी कापूस बांधायच्या फडक्यांत पाय गुंडाळून तिला मेहकरला नेलं. मी तिथं पोचले तेव्हा ती फडकी लाल होऊन वाळत आली होती, आणि तिच्या पायाला तो वास येत होता. गंजाचा, खताचा, औषधाचा. मी बाहेर जाऊन ओकले.

दीर दवाखान्यात आला आणि म्हणाला, पत्राच बोगस निघाला. नवरा भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "तो गाळ नसता निघाला तं प्रायमर पुरला असता." माणसाला इतकं समजावून, जखम समोर पडलेली असताना, त्याच्या डोक्यात अजून तो गाळच होता. आणि पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगत होती, "माहाच पाय वाकडा पडला."

पाय वाचला, पण टेकला तो वाकडाच टेकला. वेचणी सुटली. आईचं घर आमच्या गल्लीतच, पण एकटीला ठेवणं जमेना, म्हणून दिवसभर ती दुकानात येऊन बसायला लागली. बसून गिऱ्हाइकांशी बोलायची, माझे ब्रश धुऊन द्यायची. आमच्या दुकानाला एकच पायरी आहे, पण ती तिला पुरेशी होती. पायरी चढायला तिला काहीतरी धरावं लागायचं, आणि धरायला तो पहिला खांब होता.

पुढच्या पावसाळ्यात बाकीचे खांब बुडाशी कुजले. पाणी तिथं साचतंच. एक खांब तर लाथ मारली तर निघाला, दुसऱ्याला लोखंडाचे तुकडे जोडावे लागले. नवरा सगळ्यांची बुडं घासत फिरला. पहिल्या खांबाजवळ येऊन थांबला. त्या खांबाला राखाडी ओघळ चिकटून दगड झाले होते, कोंबडीच्या पायांचे ठसे तसेच, आणि त्याच्याखाली गंजाचा एक ठिपकाही नव्हता. त्यानं तारेच्या ब्रशनं दोनदा घासून पाहिलं. मग ब्रश ठेवून आत गेला आणि मशीनजवळ पाठ करून बसला.

तेवढ्यात आई आली. पायरीशी थांबली, खांबाला हात घातला, वाकडा पाय आधी वर घेतला, मग चांगला. उभी राहिल्यावर तिनं खांब थोपटला. गाय थोपटतात तसा.

"बाकीचे खांब गेले," ती म्हणाली, "पन हा खांब जवायानं चांगला पक्का केला."

तिचा पाय मोडल्यापासून मी तिच्यासमोर हा विषय काढला नव्हता, तिच्याचसाठी. मी बाहेर वळून थुंकले आणि म्हणाले, "त्यायनं तुह्या पायाखालचं काढून या खांबाले घातलं, आई."

तिनं खांबावरचा हात काढला नाही. आत मशीनकडे एकदा पाहिलं आणि पदर तोंडाजवळ नेऊन मला दटावलं.

"हळू बोल. जवाई आयकतीन."